मॅक्रोच्या पोटातला मॅक्रो

असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना शब्दांत लिहायची भाषा, शिकवताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो तो दुसऱ्या एंडएमवर, म्हणजे मॅक्रोची व्याख्या संपवणाऱ्या ओळीवर. एकाखाली एक दोन एंडएम, वरचं आतल्या मॅक्रोचं आणि खालचं बाहेरच्याचं. क्रमिक पुस्तकात ही जागा अर्ध्या पानात उरकते, परीक्षेत पाच गुणांना येते, आणि पोरं ‘एका मॅक्रोतून दुसऱ्या मॅक्रोला कॉल करणे’ असं लिहून मोकळी होतात. कॉल करणं वेगळं. तिथे दोन्ही मॅक्रो आधीच तयार असतात, एक दुसऱ्याला वापरतो, एवढंच. मॅक्रोच्या पोटात नव्या मॅक्रोची व्याख्या लिहिणं हा प्रकार निराळा आहे, आणि सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या अख्ख्या विषयात शिकण्यासारखी याहून खोल जागा मला तरी माहीत नाही.

सोलापुरात बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे. इथलं विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. अभ्यासक्रम बदलत गेले, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची मशिनं जाऊन त्यांच्या जागी तिची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सची खिडकी आली, काही प्रयोग लिनक्सवर नॅसम या असेंब्लरमध्ये गेले (असेंब्लर म्हणजे असेंब्लीचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम). हा धडा मात्र मी कधी गाळला नाही. आता असेंब्ली लिहितो कोण, असं मला स्टाफरूममध्येही विचारतात. त्याचं उत्तर पुढे येईलच.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते सांगतो. मॅक्रो म्हणजे नाव दिलेला मजकूर. प्रोसीजर प्रोग्रॅम चालताना बोलावली जाते, प्रोसेसर तिकडे उडी मारतो आणि काम करून परत येतो. मॅक्रो प्रोसेसरला कधी दिसतच नाही. असेंब्लर फाईल वाचताना नावाच्या जागी तो मजकूर मांडतो, पॅरामीटरच्या जागी आपण दिलेली किंमत घालतो, आणि जे तयार होतं त्याचा मशीन कोड करतो. म्हणजे मॅक्रोचं सगळं आयुष्य असेंब्लरच्या वाचनात सुरू होतं आणि तिथेच संपतं.

आता फळ्यावरचं उदाहरण. ओळी इथे देवनागरीत उतरवतो, वर्गात आपण त्या बोलतोही अशाच.

सेवा मॅक्रो नाव, क्रमांक
नाव मॅक्रो
मूव्ह एएच, क्रमांक
इंट २१एच
एंडएम
एंडएम

‘मूव्ह’ने एएच या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, सेवेचा क्रमांक ठेवतात आणि ‘इंट २१एच’ने डॉसला बोलावतात. आकड्यामागचा एच म्हणजे तो सोळाच्या पायात लिहिलेला. या ओळींच्या खाली आणखी दोन: ‘सेवा वाचा, ०१एच’ आणि ‘सेवा गुपचूप, ०८एच’. डॉसची ०१ क्रमांकाची सेवा कीबोर्डवरून एक अक्षर घेते आणि पडद्यावर दाखवते, ०८ क्रमांकाची तेच अक्षर न दाखवता घेते. यापुढे प्रोग्रॅममध्ये कुठेही नुसतं ‘वाचा’ किंवा ‘गुपचूप’ लिहिलं की काम झालं.

मग मी विचारतो, असेंब्लरने वरच्या सहा ओळी वाचून संपवल्या, आत्ता ‘वाचा’ नावाचा मॅक्रो आहे का? बरेच हात वर होतात. नीट बघितलं तर ‘वाचा’ हा शब्द त्या सहा ओळींत कुठे आलेलाच नाही. असेंब्लरला ठाऊक असलेलं नाव एकच, ‘सेवा’. आतल्या चार ओळी त्याने जशाच्या तशा उचलून साठवल्या आहेत, त्यांचा अर्थ लावलेला नाही. आतली ‘मॅक्रो’ ही आज्ञासुद्धा त्याच्या दृष्टीने अजून नुसती अक्षरं आहेत. ‘सेवा वाचा, ०१एच’ ही ओळ आली की तो साठवलेला मजकूर बाहेर काढतो, त्यात किंमती घालतो, आणि ते जे तयार झालं ते फाईलमध्येच लिहिलेलं असावं तसं वाचू लागतो. त्या वाचनात त्याला ‘वाचा मॅक्रो’ अशी ओळ भेटते. ‘वाचा’ त्या क्षणी जन्माला येतो, त्याआधी नाही.

इथे वेळा मोजाव्या लागतात. बाहेरची व्याख्या साठवली जाते ती एक वेळ. बाहेरचा मॅक्रो विस्तारतो आणि आतला तयार होतो ती दुसरी. आतल्याला कॉल केल्यावर त्याचा विस्तार होतो ती तिसरी. आणि या सगळ्यानंतर, असेंब्लर बाजूला झाल्यावर, प्रोग्रॅम चालतो ती चौथी. ‘इंट २१एच’ ही एकच ओळ या चारही वेळांतून जाते. पहिल्या दोन वेळा ती केवळ मजकूर असते, तिसऱ्या वेळी मशीन कोडचे दोन बाइट होते, आणि चौथ्या वेळी डॉस खरोखर एखाद्या कळीची वाट बघत बसतो. कोणती गोष्ट कोणत्या वेळी ठरते, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली की तो विद्यार्थी पुढे कंपायलर, लिंकर, टेम्प्लेट, काहीही बघायला घाबरत नाही. ही सवय लावायला दुसरं इतकं छोटं उदाहरण मला सापडलेलं नाही.

एका वर्षी वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, एक विद्यार्थिनी होती. घरी सगळे तेलुगू बोलणारे, वडील नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाची कार्डं पंच करणारे. सोलापुरी चादरीवरची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतात. त्या चौकटी वाचत एकेक कार्ड पंच होतं, कार्डं ओळीने एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर चढते, आणि भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. तिने विचारलं, “सर, पप्पांचं पंचिंग वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी होतं. माग चालू असताना कार्ड पंच होत नाही. मग इथं पंच करणारा कोण आणि विणणारा कोण?” इतका नेमका प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. विणणं म्हणजे प्रोग्रॅमचं चालणं, तिथे मॅक्रोचा संबंध नाही. असेंब्लर म्हणजे पंचिंगची खोली. साधा मॅक्रो म्हणजे एकदा ठरवलेली नक्षी हवी तिथे पुन्हा पंच करून देणारी सोय. आणि मॅक्रोच्या पोटातला मॅक्रो म्हणजे पंचिंगच्या खोलीतच पंच झालेलं असं कार्ड, जे मागाला कधी दिसत नाही. ते पंच करणाऱ्या मशिनलाच वाचायला द्यायचं, म्हणजे पुढची कार्डं कशी पाडायची ते मशीन त्यावरून शिकतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे दोन्ही कामं खोलीतलीच. मागावर फक्त शेवटचं जातं.” त्या दिवसानंतर वर्गातल्या इतरांना हे तिनेच समजावलं.

आता त्या दोन एंडएमबद्दल. बाहेरची व्याख्या साठवताना असेंब्लर आतल्या ओळींचा अर्थ लावत नाही हे खरं, पण एक गोष्ट त्याला बघावीच लागते. नाहीतर पहिल्याच एंडएमला तो बाहेरचा मॅक्रो संपला असं समजेल आणि दुसरं एंडएम अधांतरी राहील. म्हणून तो पातळी मोजतो. साठवण सुरू करताना पातळी एक, आत ‘मॅक्रो’ दिसला की एकने वाढ, ‘एंडएम’ दिसलं की एकने घट, शून्यावर आली की व्याख्या संपली. मॅसममध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरमध्ये, रेप्ट आणि आयआरपी हे पुनरावृत्तीचे ठोकळेही एंडएमनेच बंद होतात, त्यामुळे तेही मोजावे लागतात. इतका साधा मोजणीदार, आणि त्याच्या जोरावर हवं तितकं खोल जाता येतं.

याच कारणाने मॅक्रो प्रोसेसर एका फेरीचा असावा लागतो. पहिल्या फेरीत सगळ्या व्याख्या गोळा करू, दुसऱ्या फेरीत सगळे विस्तार करू, अशी व्यवस्था ऐकायला नीटनेटकी वाटते. पण आतली व्याख्या उघड होते तीच मुळी विस्तार करताना, म्हणजे दुसऱ्या फेरीत, आणि तोवर व्याख्या गोळा करण्याची फेरी संपलेली असते. म्हणून व्याख्या आणि विस्तार हातात हात घालून चालायला लागतात, एका ओळीवर व्याख्या तर पुढच्या ओळीवर विस्तार. बदल्यात एकच शिस्त पाळायची: कॉलच्या आधी व्याख्या आलेली असली पाहिजे.

ही कल्पना जुनी आहे. एप्रिल १९६०मध्ये बेल लॅब्जच्या डग्लस मॅकिलरॉय यांचा मॅक्रोंवरचा एक निबंध एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात आला. थोड्याशा मूलभूत सोयींवर अतिशय ताकदवान मॅक्रो यंत्रणा उभी राहते, असं त्यांचं प्रतिपादन होतं, आणि ठळकपणे नाव घेतलेल्या तीन सोयींत सशर्त असेंब्ली, कंसांची लेखनपद्धती आणि तिसरी हीच, व्याख्येच्या आत व्याख्या. पुढे युनिक्समधल्या पाइपची कल्पना ज्यांनी लावून धरली तेच हे मॅकिलरॉय. आमच्या लॅबमध्ये ज्याची असेंब्ली शिकवतो तो इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर त्यानंतर १८ वर्षांनी आला. म्हणजे आम्ही जे ‘८०८६च्या लॅबमधला प्रयोग’ म्हणून शिकवतो, ते त्या चिपच्या कितीतरी आधी कुणीतरी पूर्ण विचार करून ठेवलेलं आहे. वर्गात हे मी आवर्जून सांगतो.

खरी मेख पॅरामीटरमध्ये आहे. आतल्या मॅक्रोलाही स्वतःचे पॅरामीटर असतील, तर आतल्या मजकुरातलं चिन्ह कुणाचं? बाहेरच्याचं की आतल्याचं? पुस्तकातल्या साध्या मजकूर-बदलीत उत्तर स्पष्ट आहे. बाहेरच्याचा विस्तार आधी होतो, म्हणून त्याच्या नावाशी जुळणारं जे दिसेल ते तो बदलून टाकतो, मग ते आतल्याने स्वतःसाठी राखलेलं का असेना. दोन्हीकडे ‘क्रमांक’ हेच नाव वापरलं तर आतल्या मॅक्रोला त्याचा पॅरामीटर कधी मिळतच नाही, त्या जागी आधीच ०१एच येऊन बसलेलं असतं. ग्नूच्या असेंब्लरमध्ये पॅरामीटरच्या आधी उलटी तिरकी रेघ देतात. बाहेरचा मॅक्रो आपल्या नावाच्या रेघा बदलतो आणि जी नावं ओळखीची नाहीत ती तशीच आत सोडून देतो. म्हणून तिथे नावं वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो. जुन्या मॅसममध्ये अँपरसँड (&) वापरून जोडकाम करायचं असेल, तर आतल्या पातळीसाठी एकाऐवजी दोन द्यावे लागत, कारण प्रत्येक विस्तारात एक गळून पडे. अक्षरजुळणीच्या टेक प्रणालीत डॉनल्ड नूथ यांनीही याच वळणाचा मार्ग ठेवला आहे, बाहेरच्या पॅरामीटरला एक हॅश आणि आतल्याला दोन.

नॅसममध्ये मात्र पॅरामीटरना नावं नसतात, क्रमांक असतात: टक्का एक, टक्का दोन. मग नावं वेगळी ठेवायची सोयच नाही. तिथे नियम उलटा केला आहे. आतल्या व्याख्येची पहिली ओळ, म्हणजे तिचं शीर्षक, बाहेरच्या किंमतींनी भरली जाते. त्यानंतर असेंब्लर साठवणीच्या स्थितीत जातो आणि आतल्या मजकुरातल्या टक्क्यांना हात लावत नाही, ते आतल्याच मॅक्रोचे. हा नियम मला पटतो, पण त्यातून नवी अडचण उभी राहते. बाहेरची किंमत आत न्यायची कशी? वाट फक्त शीर्षकातून आहे. नॅसममध्ये मॅक्रोच्या शीर्षकात पॅरामीटरच्या मूळ किंमती, म्हणजे न दिल्यास धरायच्या किंमती, लिहिता येतात. बाहेरच्या किंमती तिथे ठेवायच्या. कॉल करणारा त्या देत नाही, म्हणून त्या आपोआप आत पोचतात.

‘आता असेंब्ली लिहितो कोण’ याचं उत्तर इथे आहे. एक्स-२६४ या व्हिडिओ एन्कोडरबरोबर वाढलेली एक्स-८६-इंक नावाची मॅक्रोंची फाईल आज एफएफएमपेगमध्ये आणि डेव्हिड या एव्ही-१ डिकोडरमध्येही वापरात आहे. तिच्यात नेमकी हीच युक्ती आहे. एव्हीएक्स या प्रोसेसरच्या नव्या सूचनासंचात सूचना तीन ऑपरँडच्या, म्हणजे ज्यांवर काम होतं अशा तीन जागांच्या, असतात: दोन घ्या, उत्तर तिसऱ्यात ठेवा. जुन्या एसएसई संचात दोनच, उत्तर पहिल्यावरच लिहिलं जातं. या फाईलमधला एक बाहेरचा मॅक्रो प्रत्येक सूचनेसाठी एकदा कॉल होतो आणि त्या सूचनेच्याच नावाचा आतला मॅक्रो घडवतो. लिहिणारा सगळीकडे तीन ऑपरँड लिहितो. एव्हीएक्स असेल तर सरळ ती सूचना निघते, नसेल तर आधी मूव्ह आणि मग दोन ऑपरँडची सूचना. सूचनांची लांबलचक यादी, प्रत्येकीसाठी एक मॅक्रो, आणि त्या सगळ्यांचा साचा एकाच जागी. संगणकावर व्हिडिओ बघताना आपल्यापैकी किती जणांपर्यंत हे मॅक्रोच्या पोटातले मॅक्रो पोचले असतील, याचा विचार करा. मी ती फाईल वर्गात पडद्यावर लावतो आणि फक्त त्या शीर्षकाच्या ओळीवर बराच वेळ बोलतो.

दुसरा एक उपयोग आहे, तो मला अधिक सुंदर वाटतो: स्वतःचीच व्याख्या बदलणारा मॅक्रो. समजा संख्या छापणारी मोठी प्रोसीजर आहे. ती प्रोग्रॅममध्ये एकदाच हवी, आणि वापरलीच नाही तर मुळीच नको. मग ‘संख्याछापा’ या मॅक्रोचा पहिला विस्तार असा: प्रोसीजरच्या पलीकडे उडी, मग प्रोसीजर, मग तिला कॉल, आणि शेवटी आतली व्याख्या, तिचं नावही ‘संख्याछापा’च, पण तिच्यात फक्त कॉलची एक ओळ. पहिल्या वापराला सगळं सामान येतं, पुढच्या प्रत्येक वापराला एकच ओळ. मॅसममध्ये इथे एक पथ्य आहे. आतल्या एंडएमनंतर बाहेरच्या एंडएमपर्यंत मध्ये एकही ओळ ठेवायची नाही, कारण चालू असलेल्या विस्ताराचा आधारच नव्या व्याख्येने काढून घेतलेला असतो. म्हणून कॉल आधी, व्याख्या सगळ्यात शेवटी.

याच मॅक्रोवरून एका प्रोजेक्टच्या गटाला जुन्या मॅसममध्ये फेज एरर, म्हणजे दोन फेऱ्यांतले पत्ते न जुळल्याची चूक, येत होती. गट हुशार होता आणि मॅक्रो बरोबर होता. जुनं मॅसम सोर्स फाईल दोनदा वाचायचं. वेळ वाचावा म्हणून मॅक्रोंची फाईल फक्त पहिल्या फेरीत जोडायची, ‘इफ-वन’मध्ये टाकून, अशी तेव्हाची सर्रास रीत. एरवी ती बरोबरच, मॅक्रो एकदा कळले की पुन्हा कशाला वाचायचे? पण स्वतःला बदलणारा मॅक्रो पहिली फेरी संपताना छोटा होऊन बसलेला असतो. दुसऱ्या फेरीत मूळ व्याख्या पुन्हा वाचलीच जात नाही, पहिल्याच वापराला एक ओळ येते, प्रोसीजर गायब, आणि पुढच्या प्रत्येक लेबलचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जागेला दिलेल्या नावाचा, पत्ता पहिल्या फेरीशी जुळेनासा होतो. फाईल दोन्ही फेऱ्यांत जोडली आणि एरर गेली. त्या मुलांना उपायापेक्षा कारण जास्त आवडलं, हे मला चेहऱ्यांवर दिसत होतं.

लेबल मॅक्रोपुरतंच ठेवणाऱ्या ‘लोकल’ या आज्ञेचंही असंच. मॅसम प्रत्येक विस्तारात लोकल लेबलला दोन प्रश्नचिन्हांनी सुरू होणारं नवं नाव देतं. ‘लोकल’ फक्त बाहेरच्या मॅक्रोत लिहिलं आणि ते लेबल आतल्या मजकुरात वापरलं, तर नवं नाव बाहेरच्याच्या विस्तारात एकदाच ठरून जातं. आतल्याचा पहिला कॉल बिनबोभाट पार पडतो, दुसऱ्याला लेबल दोनदा आल्याची तक्रार येते. आतल्याचं ‘लोकल’ आतच लिहायचं.

एवढं कौतुक करूनही सांगतो, रोजच्या कामात हे कमी वापरावं. डॉसची ‘छापा’ की बायोसची, म्हणजे मशीनच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमची, ‘छापा’ एवढंच निवडायचं असेल तर साधं ‘इफ’ पुरतं, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. एकाच घडणीचे पुष्कळ मॅक्रो हवे असतील आणि फरक फक्त नावाचा नि एखाद्या किंमतीचा असेल, तिथेच पोटातला मॅक्रो लिहावा. शिकावा मात्र प्रत्येकाने, आणि पूर्ण शिकावा.

शिकायची माझी पद्धत कागदाची आहे. आधी प्रत्येक ओळ हाताने विस्तारून लिहायची, शेजारी ती कोणत्या वेळची ते लिहायचं, मग असेंब्लरच्या लिस्टिंग फाईलशी, म्हणजे ओळी आणि त्यांचा मशीन कोड शेजारी दाखवणाऱ्या फाईलशी, ताडून बघायचं. मॅसमचं लिस्टिंग न सांगता मिळतं ते एक्सऑलच्या रीतीने, म्हणजे विस्तारातल्या ज्या ओळी मशीन कोड किंवा डेटा देतात तेवढ्याच दिसतात. आतली व्याख्या काहीच कोड देत नाही, त्यामुळे ती लिस्टिंगमध्ये दिसतच नाही आणि पोरांना वाटतं मॅक्रो बनलाच नाही. वरती ‘एलऑल’ लिहायचं, मग सगळं उघड होतं.

पंचिंगच्या घरातली ती विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात तिसरी पातळी लिहून घेऊन आली. सगळ्यात बाहेरचा मॅक्रो इंटरप्टचा, म्हणजे ‘इंट’नंतर येणारा, क्रमांक घेतो. २१एच दिलं की ‘डॉससेवा’ नावाचा मॅक्रो घडवतो, १०एच दिलं की ‘बायोससेवा’, आणि ते दोघे आपापल्या सेवांचे मॅक्रो घडवतात. लिस्टिंग काढण्याआधी विचारलं, व्याख्या वाचून संपली, आता किती नावं ठाऊक आहेत? “एक.” आणि २१एच, १०एच हे दोन कॉल झाल्यावर? “तीन.” मग मी पॅरामीटरची नावं तपासायला वही हातात घेतली. तिन्ही पातळ्यांवर तिने ती आधीच वेगवेगळी ठेवली होती.